मोहरीच्या वाटीत

"पुन्हा हँग!" सोसायटीचे सेक्रेटरी डांगेकाका कडाडले. गाणी ऐकताना कॉम्प्युटर सुरळीत चाले. नोटीस टाइप करायला घेतली, की माऊस ढिम्म हलत नसे.

आत काकूंनी मिसळणाचा डबा उघडला. चहा देताना कॉम्प्युटरमागून हळूच उपटलेला माऊसचा नखाएवढा रिसीव्हर मोहरीत दडवला. गेल्या नोटिशीपासून शेजारीण बोलत नव्हती. आणखी भांडण नको.

दुरुस्तीला वरच्या मजल्यावरचा तन्मय आला. कॉम्प्युटरमागे रिसीव्हरची जागा रिकामी होती आणि स्क्रीनवर अर्धवट नोटीस : 'जिन्याखाली स्कूटर लावणाऱ्या तन्मयवर कारवाई...'

हात धुवायला तो आत आला, तर उघड्या डब्यातल्या मोहरीतून रिसीव्हर डोकावत होता. काकूंचा चेहरा उतरला.

"सापडलं का रे काही?" काका ओरडले.

तन्मयने बोटाने रिसीव्हर आणखी खोल दाबला. "काका, पार्ट मागवावा लागेल. महिना तरी जाईल!"