‘लुक आफ्टर’ म्हणजे काय?

बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून टेलरमास्तर संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाईही एकट्याच होत्या. मास्तर परीक्षेत दोनदा मुद्दाम नापास झाले. पास झाल्यावर बाई रोज दिसणार कशा? तिसऱ्यांदाही त्यांनी ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे मागे वळून पाहणे, असं ठोकून दिलं.

निकाल हातात पडला आणि मास्तरांचं तोंड उतरलं. पैकीच्या पैकी!

“बाई, उत्तरं तर सगळी चुकलीत.”

“ठाऊक आहे. वर्षभर ठरवून चुकताय.”

“मग पास का केलंत?”

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. “विद्यार्थ्याबरोबर कॉफी प्यायला जायचं नाही, असा क्लासचा नियम आहे, मास्तर. आजपासून तुम्ही विद्यार्थी नाही.”