माणूस नाही फोटोत

"रंग झकास आलाय!" सावळीरामकाका म्हणाले. दोरीला चिमट्यानं लावलेल्या फोटोत फुटलेल्या बांगड्या होत्या आणि एका काचेला रक्त लागलेलं होतं. त्या आठवड्याचा विषय होता 'लाल'.

नाशिक रोडला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी ही हौशी मंडळी जमायची. रोल धुवायला टाकायचा, विषयाला धरून एक फोटो निवडायचा आणि दोरीला लावायचा. पुढच्या रविवारी तो भिंतीवर जायचा. काका सगळ्यांत वडीलधारे, जीव लावणारे. नियम त्यांनीच घातलेला. आधी कौतुक, मग एखादी सूचना, आणि फोटो काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. म्हणे, फोटोनंच बोललं पाहिजे.

ज्या दीपमालाचा तो फोटो होता, ती कोपऱ्यात गळ्याभोवती पदर गुंडाळून बसलेली असायची. भर एप्रिलच्या उकाड्यातही. बाई, एवढं काय लपवतेस, असं एकानंही विचारलं नाही. सगळे फोटोत बघत होते ना!

"बांगड्यांची मांडणी किती सहज केलीय," शुभांगी म्हणाली. ती बँकेत नोकरीला, चांगली शिकलेली. आणि म्हणे मांडणी! अगं, नवऱ्यानं मनगट उंबऱ्यावर आपटलं, तेव्हा पडल्या तशा पडल्या त्या.

"रक्ताला कुंकू कालवलंय ना? हुबेहूब!" ज्ञानेश म्हणाला. तो मंडळातला उत्साही प्राणी.

दीपमालानं मान खाली घातली.

"एकच सांगतो हं," काका मायेनं म्हणाले. "तुझ्या फोटोत माणूस नसतो गं. पुढच्या वेळी माणूस आण."

'दार' हा विषय होता तेव्हा तिनं न्हाणीघराचं फुटकं दार आणलं. आत कडी लावून ती बसली होती आणि फळी फोडून नवऱ्याचा पाय आत आला होता. मंडळी म्हणाली, फटीतला उजेड काय पकडलाय! 'रेषा' म्हटल्यावर तिनं स्वतःच्या मांडीवरचे पट्ट्याचे वळ आणले, अगदी जवळून काढलेले. ज्ञानेशला ती नांगरलेली जमीन वाटली. डोळे होते की बटणं, देव जाणे. आणि काकांचं आपलं दर वेळी तेच, माणूस आण.

तिचा नवरा भारत फुलांचा व्यापारी. बाजारात त्याच्याइतकं गोड बोलणारं कोणी नाही. सासुरवाडीला जाताना पेढे न्यायचा, सासऱ्याच्या पाया पडायचा. घरी आला की दाराला कडी आणि बायकोवर हात. भाजीत मीठ कमी पडलं, मार. शेजारणीशी हसली, मार. दिवाळीत तर त्यानं तिला केसांना धरून पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि ती निपचित पडली तेव्हा सोडलं.

ती दिंडोरीला माहेरी पळाली. वडील पुंजाराम म्हणाले, "जावईबापू असलं करायचे नाय. तू म्हणती, पण कोणी पाहिलंय का?" आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून स्वतः परत सोडून गेले. जाताना जावयाच्या हातचा चहाही पिऊन गेले.

येताना तिनं भावाचा जुना कॅमेरा पिशवीत लपवून आणला होता. नवऱ्याला सांगितलं, रविवारी शिवणक्लासला जाते. तो पिशवीत बघायचा नाही, पण मारायचा काही थांबला नाही. "आता माहेरी गेलीस तर टाकीतून बाहेर काढणार नाय," असं त्यानं तिला शांतपणे सांगून ठेवलं होतं. तो ते करणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिला जगायचं होतं. त्यासाठी कोणीतरी पाहायला हवं होतं.

मग विषय आला 'राग'. सगळ्यांचे फोटो दोरीला लागले. दीपमालाचा चिमटा रिकामाच.

"काय गं, आज फोटो नाही?" काकांनी विचारलं.

"थोडं थांबा, काका," ती म्हणाली. तिची नजर दारावर होती.

धाडकन दार उघडलं. भारत आत आला आणि कुणाकडे न बघता त्यानं तिचे केस धरले. "हा शिवणक्लास का गं तुझा?" त्यानं तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. परत एकदा. ती खाली पडली, तर पोटात लाथ घातली आणि कमरेचा पट्टा उपसला. पहिला फटका तिच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटला. गळ्याचा पदर सुटला, तर खाली बोटांचे जुने काळेनिळे ठसे.

मंडळी नुसती बघत राहिली. बघायचीच सवय!

"शुभांगीताई, फोटो काढा!" जमिनीवरून दीपमाला ओरडली.

शुभांगीनं कॅमेरा उचलला आणि फ्लॅश पडला. त्या उजेडात सगळे जागे झाले. काका म्हातारे, तरी तिच्या अंगावर आडवे पडले आणि पट्ट्याचा दुसरा फटका त्यांनी पाठीवर घेतला. ज्ञानेशनं भारतच्या गळ्याला मागून मिठी घातली, बाकीच्यांनी त्याला खाली पाडलं. तो फुलवाला गोड माणूस आईबहिणीवरून शिव्या देत हातपाय झाडत होता. शुभांगी रडत रडत फोटो काढतच राहिली.

"माझ्या वडिलांना सांगाल ना, पाहिलंय म्हणून?" दीपमालानं विचारलं.

"मी स्वतः येतो दिंडोरीला," काका म्हणाले. झटापटीत भिंतीवरून खाली पडलेला तिचा बांगड्यांचा फोटो त्यांच्या हातात होता आणि त्यांना तो बघवत नव्हता. "पण पोरी, एकदा तरी बोलायचंस गं!"

"दर रविवारी बोलत होते की, काका." तिनं पदरानं ओठाचं रक्त पुसलं. "तुम्ही म्हणायचात, माणूस आण. म्हणून आज निघताना, शिवणक्लास खोटा आहे असं लिहून इथला पत्ता मीच त्याच्यासाठी ठेवून आले."