पाचव्या भागातली टिकली

सरूबाईंनी पहिला भाग उघडून पानं सरसर उलटली. मग दुसरा घेतला. पाचही भाग तसे पाहून झाल्यावर त्यांनी शेवटच्या पुस्तकाची कड अंगठ्यानं चाचपली.

"चाचा, टिकल्या कुठं गेल्या?"

बाइंडर कमरोद्दीनचाचा उस्मानपुऱ्यातल्या आपल्या एवढ्याशा दुकानात शाबासकीची वाट बघत बसले होते. का बसू नये? पानं सुटून खिळखिळी झालेली पाच जाडजूड पुस्तकं त्यांनी हातानं शिवली होती. वर मरून रंगाचं रेक्झिन चढवलं होतं. आणि तिन्ही बाजू मशीनवर अशा कापल्या होत्या, की कडेवरून बोट फिरवलं तर कुठं अडायचं नाही. गिऱ्हाईक सांगो न सांगो, कटाई केल्याशिवाय एकही पुस्तक त्यांनी चाळीस वर्षांत दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याचा त्यांना तोराच होता म्हणा ना.

"त्या पानांच्या कडेला चिकटवलेल्या? त्या कटाईत गेल्या, ताई. मला वाटलं, घरातल्या लेकरांनी खेळता खेळता लावल्या."

"आन् ते कातरण?"

"परवाच रद्दीवाला पोतं घेऊन गेला."

कन्नडहून सकाळच्या एसटीनं आलेल्या सरूबाई तिथंच पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर चाचांना काहीतरी बोलता तरी आलं असतं.

"माझ्या तनुजानं लावल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "माझ्याच पाकिटातल्या घेऊन. मला वाचता येत नाय ना. जो प्रसंग तिला लई आवडायचा तिथं टिकली लावायची, आन् शेंगा फोडता फोडता मला सांगायची. ती यामा राणी एकटीच वेशीचं दार लावून घेती, ते मी धा येळा तरी ऐकलं असंल. आन् तो पंखवाला अजगर. सारी फौज पळती, आन् ही जाऊन त्याच्या दोन डोळ्यांच्या मधी खाजवती. मांजरावाणी झोपतो मग त्यो." त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "चार भाग सांगून झाले. पाचवा तिनं दवाखान्यात वाचला. म्हणली, माय, टिकली लावून ठेवलीय, घरी गेलं की सांगते. दोन महिने झाले. घरी काय ती आली नाय."

चाचांना आपल्याच हातांची शिसारी आली.

"भाचा वाचून दावणार व्हता मला," सरूबाई म्हणाल्या. "टिकली असंल तेवढंच. सगळं पुस्तक नको मला, चाचा. तिनं मला काय सांगायचं ठरवलं व्हतं, तेवढंच पायजे."

बाइंडरनं पुस्तक वाचत बसू नये, असं चाचा सगळ्यांना सांगत, आणि स्वतः गुपचूप वाचत. यामा राणीचं हे 'सात वेशींचं राज्य' तर त्यांनी शिवता शिवता चांगलंच चाळलं होतं. पहिल्या चार भागांत टिकल्यांचा नुसता सडा होता. पाचव्यात मात्र एकच होती. एकच का, म्हणून त्यांनी सुई बाजूला ठेवून ते पान वाचलं होतं. वाचून झाल्यावर बराच वेळ त्यांना सुईत दोरा ओवता आला नव्हता.

आठवत नाही म्हणून सांगणं सोपं होतं. त्याहून सोपं म्हणजे दुसरंच एखादं पान दाखवणं. पाचव्या भागात राणीच्या विजयाच्या मिरवणुकीचा प्रसंग होता, हत्ती होते, सात दिवसांची मेजवानी होती. या बाईला काय कळणार होतं? पण एकदा हातानं कापून झालं होतं. आता तोंडानंही कापायचं चाचांच्या जिवावर आलं.

"पाचव्यात एकच व्हती," ते म्हणाले. "कुठं व्हती ते याद हाय मला. पण ताई, ते लई जड हाय. वाचू?"

"वाचा."

चाचांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि अडखळत वाचू लागले.

"यामाला बाण लागून नऊ दिवस झाले होते. सेनापती म्हणत होता, ओरखडा आहे. वैद्य म्हणत होता, ओरखडा आहे. आईही तेच म्हणत होती आणि घडीघडी तंबूबाहेर जात होती. त्या दिवशी यामानं तिचा हात धरला. म्हणाली, 'आई, बाण विषारी होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही सगळे इतके जपून बोलत होता, म्हणून मीही गप्प राहिले. पण आता बाहेर जाऊ नकोस. रडायचं असेल तर इथं माझ्याजवळ बसून रड.'"

चाचांनी पुस्तक मिटलं. बाहेर रिक्षावाल्यांची कशावरून तरी बाचाबाची चालली होती.

सरूबाईंनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"आम्ही तिला कावीळ म्हणून सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "साऱ्या घरानं. डॉक्टरलाबी तसंच बोलायला लावलं. दुखण्याचं खरं नाव तिच्या कानावर पडू दिलं नाय."

चाचांनी चष्मा काढून ठेवला.

"आन् मी, चाचा, दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडायची. मग तोंड धुऊन आत यायची."