समक्ष तपासले

"मॅडम, एक म्हातारा घोडी घेऊन आलाय," शिपाई जयदेव दारातून म्हणाला.

डॉक्टर वृंदाने मान वर केली नाही. तिच्यापुढे बावीस दाखले पडले होते. दुसऱ्या दिवशी वांगणीपलीकडच्या माळावर घोडागाड्यांची शर्यत होती. परवानगी मिळाली होती ती एका अटीवर. प्रत्येक घोडा सरकारी डॉक्टरने तपासायचा आणि पळायला लायक असेल तरच दाखला द्यायचा. तपासणीची फी भरली की जयदेव पावती टाचायचा, वृंदा सही करायची. 'जनावर समक्ष तपासले' ही ओळ कागदावर छापलेलीच होती. पहिल्या वर्षी तिने खरंच सगळे घोडे तपासले होते. त्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांबद्दल कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिने ते सोडून दिलं, तेव्हाही कोणी विचारलं नाही.

"नाव काय त्यांचं?"

"बुधाजी. वांगणीहून चालवत आणलीय."

बुधाजीच्या दाखल्यावर सही झालेली होती. तो कागद घेऊन ती पायरीपर्यंत गेली. सत्तरीचा माणूस, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मागे तांबूस घोडी खाली मान घालून उभी होती.

"बाय, जरा हात लावून बघ हिला," तो म्हणाला.

"गरज नाही, बाबा. तुमचं काम झालंय. घोडी पास आहे."

"पास?"

"हो. हा घ्या दाखला."

बुधाजीने कागदाला हात लावला नाही. "पन तू तं बघितलीच नाय."

"फी भरलीय ना? मग झालं. उन्हातून उगाच आलात."

आत फोन वाजत होता. ती वळली. कागद जयदेवच्या हातात देत म्हणाली, "हाही बाकीच्यांबरोबर कमिटीला पाठव." म्हातारा घोडी घेऊन गेला. साधे आभारही मानले नाहीत, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळावर होती. नियमाप्रमाणे डॉक्टर हजर हवाच. कमिटीने शाल-नारळ दिला, मांडवात पुढची खुर्ची दिली. पहिल्या फेरीच्या गाड्या रेषेवर आल्या. बाकीच्या घोड्यांना आवरावं लागत होतं. ती तांबूस घोडी मात्र पुढचा उजवा पाय टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची.

वृंदा उठली आणि रेषेपर्यंत गेली. गुडघ्याखाली हात फिरवला. पाय गरम होता. सूज टणक होती. एका दिवसाची नव्हे, निदान महिन्याभराची.

"हिला काढा," ती म्हणाली. "ही पळाली तर पाय कायमचा जाईल."

गाडीवर बुधाजीचा मुलगा धर्मेश होता. रस्त्याकडेची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकून त्याने ही घोडी घेतली होती. त्याने कमिटीकडून मिळालेला दाखला खिशातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"मॅडम, कालच पास केलीय तुम्ही. सही तुमचीच ना?"

लोक जमले. कोणीतरी मोबाईल वर केला. बुधाजी गाडीमागे पाण्याची बादली घेऊन उभा होता. काल वांगणीहून दवाखान्यापर्यंत जाऊन-येऊन सूज आली असेल, एवढंच म्हटलं की झालं असतं. वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. मग दोष त्या म्हाताऱ्याचा ठरला असता आणि शर्यत चालू राहिली असती.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "पण मी हिला बघितली नव्हती."

"काय?" मांडवातून कोणीतरी ओरडलं.

"एकही घोडा बघितला नव्हता. बावीसच्या बावीस दाखले न बघता दिले."

एकच गलका झाला. परवानगी त्या दाखल्यांवर होती, दाखले खोटे निघाले. बंदोबस्ताच्या साहेबांनी माइक घेतला आणि शर्यत रद्द केली. लोक गाड्यांचे घोडे सोडू लागले. बेलवलीहून आलेला एक गाडीवाला तिच्या तोंडासमोर पावती नाचवत म्हणाला, "फी घेताना लाज नाय वाटली?" धर्मेश चाबूक फेकून निघून गेला. वृंदा तिथेच उभी राहिली. नोटीस येणार, चौकशी होणार, नोकरीही जाईल कदाचित. तरी मनाच्या एका कोपऱ्यात तिला जरा बरं वाटत होतं. निदान आज ती खरं बोलली होती. एक जनावर वाचलं होतं.

बुधाजी घोडीला धरून तिच्याकडे आला. तो हात जोडेल, असं तिला वाटलं. 'माझं कामच आहे, बाबा,' हे शब्दही तिने मनात जुळवून ठेवले.

त्याने हात जोडले नाहीत. तिच्याकडे बघितलंही नाही. घोडीच्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला,

"पोऱ्या माजा ऐकत नाय, बाय. म्हनून काल हिला तुज्याकडं आनली व्हती. मना वाटला, सरकार तरी त्याला 'नाय' बोलंल."