दुसऱ्या भागाचे वाचन

"सोनोजींचा पणतू, हणमंतरावांचा नातू, दत्ताजींचा मुलगा रणधीर पुलाखालच्या यक्षबाजारात उतरला." कादंबरीचे पहिले वाक्य मी खणखणीत आवाजात वाचले.

पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेली माझी पन्नाशीची लेक हसली. "आई, हजेरी घेतेस का गं? हळू वाच."

"नायकाचे कूळ पुटपुटून सांगायचे नसते. मुकाट्याने ऐक."

तिच्या दहावीच्या वर्षी तीन भागांच्या या मालिकेचा दुसरा भाग मी तिच्या हातातून काढून घेतला आणि वाचनालयात परत केला. परीक्षा संपताच आणून देईन, असा शब्द दिला. परीक्षा संपली तेव्हा पुस्तक वाचनालयातून गहाळ झाले होते, बाजारातही मिळेना. मुलांना दिलेला माझा एवढाच शब्द खाली पडला. यंदा नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मी स्वतः जाऊन ती आणली. मात्र संसारात मुरलेल्या बाईला आता यक्षांचे काय कौतुक, ही धाकधूक होती.

वाचनाच्या तिसऱ्या दुपारी रणधीरने बहिणीच्या सुटकेसाठी यक्षांना आपली सावली देऊन टाकली. ते वाक्य मी दोनदा वाचले. तेवढ्यात जावई चहा घेऊन आत आले.

"अहो, थांबा! मध्ये बोलू नका," लेक कडाडली. आवाज थेट माझा होता. मला बरे वाटले.

शेवटचे पान संपले. तिने पुस्तक माझ्याकडून घेतले आणि क्षणभर उराशी धरले.

"फिटलं, आई," ती म्हणाली. "आता तू माझं काही देणं लागत नाहीस."