परत म्हण

हिमानी भिंतीला पाठ टेकून, हात मागं बांधून इंग्रजीचा धडा धडाधड म्हणत होती. समोर तिची आई, जमना, सुपात सुका जवळा निवडत बसली होती. उद्या पाचवीची फेरपरीक्षा. इंग्रजी सुटलं नाही, तर पोरगी परत त्याच वर्गात, त्याच बाकावर.

हिमानीचा इंग्रजीचा अभ्यास पहिलीपासून जमनाच घ्यायची. आपल्या आयला इंग्रजी येतं, ही पोरीची पक्की खात्री. बोईसरच्या बाजारात कॉलनीतल्या बाया आल्या की जमना 'कम मॅडम, व्हेरी फ्रेश' करत पापलेट पुढं करायची, ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. जमनानंही तो समज कधी मोडला नाही. बरं वाटायचं, दुसरं काय!

तपासायची तिची रीत बंदरावरची होती. मासळीच्या लिलावात जी न चाचरता बोली लावते तिची पाटी भरते. चाचरली ती रिकाम्या पाटीनं घरी. तसंच अभ्यासात. पोरगी अडखळली की जमना म्हणायची, चुकलं, परत म्हण. सडासड म्हटलं की, बरोबर. चौथीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, म्हणून हा कारभार खपूनही गेला.

आज दुपारी शाळेतल्या प्रियंकाबाईंनी जमनाला एकटीलाच आत बोलावलं. बाई भल्या. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पाठांतर तर विचारूच नका, पण नाउन फ्रेज आणि व्हर्ब फ्रेज तिनं पार उलटंपालटं करून ठेवलंय. सांगावं तर ऐकत नाही, घरी बरोबर म्हणतात म्हणे. अहो, कुणाबद्दल बोलतोय ते शब्द एका गटात, त्याचं काय चाललंय ते दुसऱ्या गटात, एवढंच तर आहे. जमनानं मान हलवली. मग बाई म्हणाल्या,

"घरी जे कोण शिकवतात ना, त्यांची शिकवणी आधी बंद करा. त्यांना स्वतःलाच काही येत नाही."

जमना 'हो बाई' म्हणाली. आणखी काय म्हणणार?

"दॅट यलो बटरफ्लाय, व्हर्ब फ्रेज," हिमानी म्हणत होती. "हॅज बीन स्लीपिंग, नाउन फ्रेज."

एकदाही अडखळली नाही. जमना कान टवकारून ऐकत होती. बाईंचं ते 'कोण' आणि 'काय' तिला मराठीत लख्ख कळलं होतं. पण या भरभर वाहत्या आवाजात कोण कुठं संपतो आणि काय कुठं सुरू होतं, देव जाणे. चूक म्हणावं तर कुठली चूक ते दाखवता येईना, बरोबर म्हणायला जीभ वळेना. मुठीतला जवळा मुठीतच राहिला.

"आये, सांग ना. बरोबर हाय ना?"

"परत म्हण," जमना कशीबशी म्हणाली.

हिमानीचा चेहरा पडला. आपण कुठं अडखळलो, ते तिला आठवेना. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तेच परत म्हटलं. आधीपेक्षा भरभर, आधीपेक्षा मोठ्यानं.