भोवऱ्याची चाल

पोत्यातल्या पोत्यात भोवऱ्या कुत्रा चालायला लागला, तेव्हा मावशी पुलाच्या मध्यावर पोचली होती.

आधी तिला वाटलं, सुटायला धडपडतोय. पण धडपड अशी नसते. चार पाय तिच्या पाठीवर ठेक्यात पडत होते, एकामागून एक, न चुकता. पोत्यात अंधार होता, ऊब होती, तिच्या चालण्याने सगळं हेलकावत होतं. भोवऱ्याची समजूत झाली होती की आपण चाकात आहोत आणि कामाची वेळ झाली आहे.

मावशी खाणावळीची स्वयंपाकीण. तिच्या चुलीशेजारी, भिंतीवर उंच, एक पोकळ लाकडी चाक होतं. भोवऱ्याला आत सोडलं की तो चालायचा. तो चालला की चाक फिरायचं, चाकाच्या दोरीने विस्तवावरची लोखंडी सळई फिरायची, आणि सळईवरचं मांस सगळीकडून सारखं भाजून निघायचं. अंग लांब, पाय आखूड आणि वाकडे. जातच ती तशी, पिढ्यान्‌पिढ्या या एका कामासाठी जोपासलेली. शिकार जमत नाही, राखण जमत नाही. मांजर आडवं आलं तर हाच बाजूला होणार. पूर्वी गावातल्या प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघरात असा एक तरी असायचा. आता हा एकटाच उरला होता.

आज सकाळी कारागिराने चाक उतरवलं आणि तिथे घड्याळासारखं एक यंत्र बसवलं. किल्ली दिली की सळई आपली आपण फिरत राहायची. मालक लहान मुलासारखे हरखले. "याला खायला नको, प्यायला नको. पिसवांचं तर नावच नको!" मग त्यांनी एक पोतं आणि एक दगड मावशीपुढे ठेवला. "संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी उरकून या."

"कोपऱ्यात पडून राहील हो बिचारा. माझ्या ताटातलं खाईल."

"मावशी, पाय गेलेत त्याचे. हाल करण्यापेक्षा हे बरं." मालक काही दुष्ट नव्हते. हे बोलताना त्यांनी भोवऱ्याकडे पाहिलं नाही, इतकंच.

भोवऱ्याला पोत्यात घालून पाठीवर घेतलं, दगड काखेत मारला आणि मावशी निघाली. अकरा वर्षांत तिने मालकांचा शब्द कधी मोडला नव्हता.

आता उन्हं कलली होती. नदीवरून धुकं वर येत होतं, उतू जायच्या आधी दूध येतं तसं, गुपचूप. कठड्याशी थांबून दगड पोत्यात घालायचा, गाठ मारायची, की झालं. पण पाठीवरचे पाय थांबेनात. जाळ मोठा असला की तो चालायचा ती ही चाल, झपझप. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "हळू रे राजा. जाळ मंद आहे."

पाय मंदावले.

मावशी कठड्याशी खाली बसली. दगड तिने तसाच नदीत सोडला. धुक्यात तो दिसेनासा झाला, आणि बऱ्याच वेळाने पडल्याचा आवाज आला. मग तिने पोत्याचं तोंड उघडलं.

भोवऱ्या बाहेर आला. चार पावलं चालला आणि दचकून थांबला. कठड्याचा एक खांब मागे गेला होता. त्याने वळून खांबाकडे पाहिलं. आणखी चार पावलं टाकली. दुसरा खांबही मागे गेला. चाकात असं कधी झालं नव्हतं. तिथे दिवसभर चाललं तरी समोर तीच फळी असायची आणि बाजूला तीच चूल. इथे पावलागणिक काहीतरी नवं येत होतं. ओलं गवत, एक पीस, कुणाच्या तरी बुटांचा वास. प्रत्येकापाशी तो थबकायचा, हुंगायचा, ते खरंच मागे पडतंय ना याची खात्री करायचा, आणि पुढे जायचा.

"थांब," मावशी म्हणाली.

या शब्दाला तो उचललेला पाय तसाच धरून उभा राहत असे. आज तो थांबला नाही. त्याची लांबट पाठ धुक्यात पुसट होत गेली, आणि मावशीला का कोण जाणे हसू आलं. ती उठून त्याच्या मागोमाग निघाली.

हा पूल तिने एकदाच ओलांडला होता, एकोणिसाव्या वर्षी, कामाला येताना. त्यानंतर विहीर, चूल आणि माळ्यावरची खोली. नदीला पलीकडचा काठ असतो हे ती जवळजवळ विसरली होती. मागे खाणावळीची घंटा वाजली. कांदे चिरायची वेळ. तिचे हात आपोआप कमरेच्या फडक्याला पुसले गेले. पाय मात्र चालत राहिले.

पूल संपला. पलीकडच्या रस्त्यावर गवताची एक गाडी त्यांच्या बरोबरीने येऊन हळू झाली.

"कुठवर जायचंय, मावशी?" गाडीवाल्याने विचारलं. "कुत्रं थकलेलं दिसतंय. दोघंही बसा की वर."

मावशीने पुढे पाहिलं. वाकडे पाय टाकत भोवऱ्या एका वळणापाशी पोचला होता आणि वळणापलीकडे काय आहे ते मान लांब करून बघत होता.

"नको दादा," ती म्हणाली. "आज आम्हाला चालत कुठेतरी पोचायचंय."